‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ आणि काव्याचे अध्यापन : एक पुनर्विचार

१

आय. ए. रिचर्ड्स यांचा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. समीक्षाशास्त्राच्या अभ्यासकांत त्याचे नाव अद्यापि आदराने घेतले जाते, आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला त्यातील दोन याद्या बहुधा मुखोद्गत असतात. एक, अर्थाच्या चार प्रकारांची. दुसरी, काव्यवाचनात येणाऱ्या दहा अडचणींची. हा ग्रंथ कशाविषयी आहे असे विचारले असता ‘काव्याच्या अर्थाविषयी’ असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणातच आपल्या काव्याध्यापनाचे एक दुखणे दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रिचर्ड्स यांनी प्रस्तावनेत आपले तीन हेतू सांगितले आहेत. समकालीन संस्कृतीच्या अभ्यासकांपुढे एका नव्या प्रकारची साधनसामग्री ठेवणे हा पहिला. काव्याविषयी आपणास खरोखर काय वाटते हे ज्यांना स्वतःच शोधावयाचे आहे त्यांना एक तंत्र देणे हा दुसरा. आणि वाचलेले समजून घेण्याची शक्ती वाढविणाऱ्या, प्रचलित पद्धतीहून अधिक कार्यक्षम अशा शिक्षणपद्धतीची वाट मोकळी करणे हा तिसरा. या तिसऱ्या हेतूकडे आपले जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. ग्रंथाचा अखेरचा भाग शिफारशींचा आहे, आणि त्या शिफारशी कवींसाठी वा समीक्षकांसाठी नाहीत. त्या शिक्षकांसाठी आहेत. तेव्हा हा ग्रंथ समीक्षेचा सिद्धांत म्हणून न वाचता अध्यापनाचा ग्रंथ म्हणून वाचला तर काय हाती लागते, आणि त्यातील काय आपणास स्वीकारता येईल व काय येणार नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम रिचर्ड्स यांनी काय केले ते नेमके पाहू. केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या स्वतंत्र पदवी-परीक्षेची योजना १९१७ मध्ये झाली. ज्या अध्यापकांनी या नव्या विषयाला वळण दिले त्यांत रिचर्ड्स हे एक होत. त्यांनी आपल्या व्याख्यानांना येणाऱ्यांच्या हाती कवितांचे छापील कागद दिले. त्यांवर कवीचे नाव नव्हते. कोणत्या काळातील कविता याचीही खूण नव्हती. श्रोत्यांनी त्या कविता घरी नेऊन सावकाश वाचाव्या, पुन्हा वाचाव्या, आणि आपला अभिप्राय मोकळेपणाने लिहून द्यावा, अशी विनंती होती. आपण किती वेळा वाचन केले हेही नोंदवावयाचे होते, आणि एका बैठकीत कितीही वेळा कविता वाचली तरी ते एकच वाचन धरावयाचे होते. अभिप्राय लिहिणाऱ्याचे नाव गुप्त राही. स्वतःचे मत काय आहे याची चाहूल रिचर्ड्स आधी लागू देत नसत. आठवड्यानंतर कागद परत घेतले जात, आणि पुढील व्याख्यान काही अंशी त्या कवितांवर व काही अंशी त्या अभिप्रायांवर होई.

या अभिप्रायांचे उतारे हाच ग्रंथाचा मोठा भाग आहे. तेरा कविता तेथे घेतल्या आहेत. डन, हॉपकिन्स, हार्डी, लॉरेन्स, लाँगफेलो यांच्या रचना आहेत, तशाच आज फारसे कोणी न वाचणाऱ्या पद्यकारांच्याही आहेत. नाव दिसत नसल्यामुळे श्रेष्ठ व सामान्य यांना सारखेच वागविले गेले. किंबहुना अनेकदा श्रेष्ठांच्या वाट्याला उपेक्षा आणि सामान्यांच्या वाट्याला कौतुक आले. ग्रंथाची कीर्ती मुख्यतः या धक्क्यामुळे झाली. परंतु धक्का हे त्याचे फलित नव्हे. रिचर्ड्स स्वतःच बजावतात की हे वाचक मंदबुद्धीचे नव्हते. मोठ्या खर्चाचे उत्तम समजले जाणारे शिक्षण त्यांना मिळाले होते. म्हणजे दोष वाचकांच्या बुद्धीत नसून त्यांना मिळालेल्या शिक्षणात होता.

३

हा दोष कोणत्या स्वरूपाचा होता? लाँगफेलोच्या कवितेत स्मशानभूमीचे दर्शन आहे. ते दिसताच बहुसंख्य वाचकांनी ही एक गंभीर, उपदेशपर, मळलेल्या वाटेची रचना आहे असे ठरवून टाकले, आणि त्या गृहीतावर तिला नाकारले. वस्तुतः तिच्या स्वरात एक हलका, किंचित मिस्कील असा भाव आहे, आणि तो ध्यानी घेतला तर सारा अर्थच पालटतो, असे रिचर्ड्स दाखवून देतात. लॉरेन्सच्या कवितेत आईच्या पियानोची आठवण आहे. एवढ्यावरून अनेकांनी तिला भावविवश म्हटले; कविता स्वतःच त्या भावविवशतेशी झगडत आहे, हे त्यांना दिसले नाही. डनच्या सुनीताबाबत काहींच्या आड त्यातील धर्मश्रद्धा आली, तर काहींच्या आड सुनीत कसे असावे याविषयीची पढीक कल्पना आली. हॉपकिन्सच्या कवितेचा तर साधा वाच्यार्थही पुष्कळांना लागला नाही, आणि तो लागलेला नाही याची जाणीवही त्यांस नव्हती.

या उदाहरणांतून एक सूत्र स्पष्ट होते. वाचक चुकले ते माहितीच्या अभावी नव्हे, तर कविता वाचण्याआधीच त्यांच्या मनात तयार असलेल्या उत्तरांमुळे. मृत्यू म्हणजे गांभीर्य, आई म्हणजे भावविवशता, सुनीत म्हणजे अमुक रचना, अशी समीकरणे त्यांच्याजवळ होती. शब्दांनी त्या समीकरणांना विरोध केला तेव्हा त्यांनी शब्दच वाचले नाहीत. अशा मनावर व्याख्यानाचा कोणता परिणाम होणार? व्याख्यान त्या तयार उत्तरांत आणखी एका उत्तराची भर घालील, एवढेच.

रिचर्ड्स यांच्या प्रयोगाचे खरे मोल येथे आहे. साहित्याचा अध्यापक सामान्यतः आपल्याला काय ठाऊक आहे येथून आरंभ करतो. विद्यार्थ्याने कविता कशी वाचली आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसल्याचे त्याला वाईटही वाटत नाही. रिचर्ड्स यांनी हा क्रम उलटविला. आधी त्यांनी विद्यार्थ्यांचे वाचन वाचले, आणि मग काय शिकवावयाचे ते ठरविले. वैद्याने नाडी पाहून औषध द्यावे, इतकी ही साधी गोष्ट आहे. पण आपल्याकडे औषध आधीच कुटून ठेवलेले असते.

४

तथापि या ग्रंथाचा जसाच्या तसा स्वीकार करता येणार नाही. त्यावर निदान तीन आक्षेप घ्यावे लागतात.

पहिला आक्षेप असा की, कवीचे नाव व काळ झाकणे ही अध्यापनातील एक युक्ती आहे; तो काव्याच्या स्वरूपाविषयीचा सिद्धांत नव्हे. पुढील काळात, विशेषतः अमेरिकन नवसमीक्षेच्या प्रभावाखाली, ही युक्तीच सिद्धांत होऊन बसली, आणि संदर्भ जाणून घेणे म्हणजे जणू काही शुद्ध वाचनात भेसळ, असा समज पसरला. संदर्भ केव्हा पुढे आणावा हा अध्यापनाचा प्रश्न आहे. संदर्भ आणावा की नाही हा निराळा प्रश्न आहे. या दोहोंची गल्लत होता कामा नये.

दुसरा आक्षेप टेरी ईगल्टन यांनी आपल्या १९८३ सालच्या साहित्यसिद्धांतविषयक ग्रंथात नोंदविला आहे. अभिप्रायांतील मतभेदांवर रिचर्ड्स यांची दृष्टी खिळली. परंतु त्या मतभेदांच्या खाली असलेले मतैक्य त्यांना जाणवले नाही. लिहिणारे बहुतेक सारे एका देशातील, एका वर्गातील, एकाच प्रकारच्या शाळांतून आलेले तरुण होते, आणि त्यांचा अध्यापकही त्याच जगातला होता. म्हणून ज्या गोष्टी सर्वांनाच गृहीत होत्या त्या प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहिल्या. आपल्या वर्गांत आज ज्या निरनिराळ्या समाजांतून, बोलींतून आणि प्रदेशांतून विद्यार्थी येतात ते पाहता, हा आक्षेप आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वऱ्हाडातील, कोकणातील वा गोव्यातील विद्यार्थ्याला एखादा शब्द निराळा ऐकू येत असेल, तर ती नेहमीच चूक असते असे नाही. कित्येकदा त्यामुळे कवितेची एखादी नवीच बाजू उजेडात येते.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. कवी कोण हे रिचर्ड्स यांना ठाऊक होते. विद्यार्थ्यांना ते ठाऊक नव्हते. एका बाजूला उत्तर जाणणारा आणि दुसऱ्या बाजूला चाचपडणारे, अशी ही विषम मांडणी होती. नाव झाकल्याने विद्यार्थ्याचे पूर्वग्रह उघडे पडले. अध्यापकाचे मात्र झाकलेलेच राहिले.

हे आक्षेप मान्य करूनही मूळ तत्त्वाला बाध येत नाही. विद्यार्थ्याचे स्वतःचे लिखित वाचन अध्यापनाच्या आधी यावे आणि अध्यापनाने त्याची दखल घ्यावी, हे ते तत्त्व होय. पुढे केंब्रिजमध्येही या पद्धतीची एक प्रश्नपत्रिका झाली, आणि जे वाचनाचे साधन होते ते गुणांचे साधन झाले. पण विल्यम एम्पसन यांचा काव्यातील संदिग्धतेवरील ग्रंथ (१९३०) ज्या विद्यार्थिदशेतील लेखनातून आकारास आला, ते लेखन रिचर्ड्स यांच्याच मार्गदर्शनाखाली चालले होते, हे विसरता येणार नाही. शिष्याचे वाचन गंभीरपणे घेतले की काय निष्पन्न होऊ शकते, याची ती साक्ष आहे.

५

आता आपल्याकडील स्थितीकडे वळू. या तत्त्वाचा आपल्या विद्यापीठांत सहज प्रवेश का होत नाही, याचे कारण काही अंशी ऐतिहासिक आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांना संलग्नता द्यावयाची, परीक्षा घ्यावयाच्या आणि पदव्या द्यावयाच्या, एवढेच त्यांचे काम होते. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे ही कल्पना १९०४ च्या कायद्याने मान्य केली. म्हणजे आपल्याकडे आधी परीक्षा जन्मास आली आणि मग अध्यापन. थोरल्या भावंडाचा दरारा धाकट्यावर राहावा तसा परीक्षेचा दरारा अध्यापनावर राहिला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात सांगितले होते की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर आम्ही परीक्षेची सुधारणा सुचवू. त्यानंतर कोठारी आयोग (१९६४–६६) झाला, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. सत्रपद्धती आली, अंतर्गत मूल्यमापन आले. परंतु सत्रे दोन झाल्याने परीक्षा दोन झाल्या. त्यामुळे वाचन दुप्पट झाले असे मात्र म्हणवत नाही.

‘अमुक कवीच्या निसर्गकवितेची वैशिष्ट्ये सांगा’ या धाटणीचा प्रश्न घ्या. या प्रश्नाचे उत्तम उत्तर त्या कवीची एकही कविता न वाचता देता येते. वैशिष्ट्ये वाङ्मयेतिहासात आहेत, मार्गदर्शिकेत आहेत, मागील वर्षाच्या टिपणवहीत आहेत. आता तर ती क्षणार्धात लिहून देणारी संगणकीय साधनेही प्रत्येकाच्या हाती आली आहेत. या साधनांनी साहित्याच्या अध्यापनावर संकट आणले अशी तक्रार ऐकू येते. खरे पाहता संकट त्यांनी आणलेले नाही, केवळ उघड केले आहे. जे उत्तर कवितेवाचून लिहिता येते ते यंत्राने लिहिले काय आणि विद्यार्थ्याने लिहिले काय, वाचन दोन्हीकडे सारखेच अनुपस्थित असते. आणि रिचर्ड्स यांच्या दोन याद्यांवर टिपा लिहावयास सांगणारा प्रश्नही याच जातीचा आहे. तयार उत्तरांवर प्रहार करणारा ग्रंथ आपण एक तयार उत्तर करून टाकला, यापरती विसंगती कोणती?

६

मराठी काव्याच्या वर्गात या तत्त्वाचा उपयोग कसा होईल, हे दोन उदाहरणांनी पाहू.

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता बहुतेक विद्यार्थ्यांना शाळेपासून ठाऊक असते. तिच्याबरोबरच त्यांना आणखी काही गोष्टी ठाऊक असतात : कवीच्या वृत्तीतील उदासीनता, १९१८ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी रेल्वे अपघातात झालेला त्याचा अंत, आणि डोह म्हणजे मृत्यू हे समीकरण. या सामग्रीवर विद्यार्थी सफाईने उत्तर लिहितो. पण त्याला केवळ कवितेपुढे बसविले, तर निराळे प्रश्न उभे राहतात. झरा निळासावळा, शेते व कुरणे हिरवी, पायवाट पांढरी, डोह काळा. हा रंगांचा क्रम दृष्टीला कोठून कोठे नेतो? डोहावर पसरणाऱ्या काळिम्याला जोडलेले विशेषण विषादाचे नसून माधुर्याचे आहे; मृत्यूचे समीकरण मांडणाऱ्याने त्या विशेषणाचे काय करावे? शेवटच्या ओळीतील ‘असला’ हे पद ‘अशा प्रकारचा’ या अर्थाचे मानावे की क्रियापदाचा अंश मानावे, आणि त्यावरून वृक्षाच्या बैठकीचा अर्थ कसा बदलतो? या प्रश्नांनंतरही एखाद्याला तेथे मृत्यूची छाया दिसेल, आणि त्याचे वाचन कदाचित समर्थनीयही ठरेल; पण ते आता शब्दांतून आलेले असेल, चरित्रातून उसने घेतलेले नसेल.

दुसरे उदाहरण प्राचीन मराठीचे. ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायातील गणेशवंदनात ‘प्रमेय’ हा शब्द येतो. आजच्या विद्यार्थ्याची या शब्दाशी पहिली भेट भूमितीच्या पुस्तकात झालेली असते. तेथे तो सिद्ध करावयाच्या विधानाचा वाचक आहे. ज्ञानदेवांच्या रूपकात तो शास्त्रांनी जाणून घ्यावयाच्या विषयाचा वाचक आहे. अशा ठिकाणी केवळ एकाग्र वाचन पुरे पडत नाही. कोश लागतो, भाष्यपरंपरा लागते, शब्दाचा इतिहास लागतो. येथे रिचर्ड्स यांची पद्धत एकटी लंगडी पडते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु विद्यार्थ्याने आधी स्वतःचा अर्थ लिहिला असेल तरच तो कोठे अडखळला हे अध्यापकाला कळेल. एरवी अध्यापक जे शब्द कठीण मानतो त्यांचाच अर्थ सांगत बसेल, आणि जे शब्द ओळखीचे भासतात पण ओळखीचे नसतात ते तसेच निसटून जातील. सोप्या दिसणाऱ्या शब्दांनी होणारी फसगत कठीण शब्दांहून अधिक असते.

ऐकणाऱ्याची दखल घेत विषय मांडणे आपल्या परंपरेला अपरिचित नाही. ‘ज्ञानेश्वरी’चा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो, आणि ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे पुष्कळसे निरूपण समोरच्या शिष्याच्या प्रश्नातून किंवा कृतीतून निघालेले दिसते. यावरून प्राचीनांनी आधुनिक अध्यापनशास्त्र आधीच शोधून काढले होते असा निष्कर्ष काढावयाचा नाही. समोर कोण आहे हे न पाहता बोलणे ही मात्र आपली जुनी रीत नव्हे, एवढेच सुचवावयाचे आहे.

७

आता प्रत्यक्ष योजनेविषयी. पदव्युत्तर वर्गात तीस विद्यार्थी आहेत असे धरू. एका सत्रात चार वेळा, कवीचे नाव न सांगता एक कविता द्यावी. पहिले वाचन वर्गातच व्हावे, आणि अर्ध्या तासात प्रत्येकाने एक पानभर हाताने लिहावे. रिचर्ड्स यांनी आठवडा दिला होता. आज पहिल्या वाचनापुरता तो देता येत नाही, कारण घरी नेलेल्या कागदावर आता दुसऱ्याच कोणाचे वाचन उतरण्याचा संभव आहे. दुसरे वाचन मात्र चार-पाच दिवसांनी व्हावे, आणि पहिल्या कागदाखालीच आपले मत कोठे व का बदलले ते लिहावे. या कागदांना गुण देऊ नयेत. गुण आले की विद्यार्थी स्वतःला काय वाटले ते लिहिणार नाही; अध्यापकाला काय वाटत असेल ते लिहील.

यास वेळ कोठून आणावयाचा, असा प्रश्न रास्त आहे. एका कागदास आठ मिनिटे धरली तर तीस कागदांस चार तास, म्हणजे सत्रास सोळा तास लागतात. भार थोडा नाही. पण चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेस साठ तासिका असतात; त्यांपैकी जितक्या तासिका आपण पुस्तकात छापलेली माहिती पुन्हा सांगण्यात घालवितो तितक्या कमी केल्या, तर हा हिशेब जुळू शकतो. पदवीच्या शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात सर्व कागद वाचणे अशक्य असेल, तर प्रत्येक वेळी निराळे वीस वाचावे. एका चुकीचे वर्गात निनावी विवेचन झाले, तर ती चूक करणाऱ्या सर्वांनाच ते उपयोगी पडते. आणि परीक्षेत, निदान एका प्रश्नापुरती, अभ्यासक्रमाबाहेरची कविता समोर ठेवावी. तेवढ्यानेही वर्गातील वाचनाला प्रतिष्ठा येईल.

राहता राहिला तो तिसरा आक्षेप, अध्यापकाच्या झाकलेल्या पूर्वग्रहांचा. त्यावर उपाय एकच दिसतो. चारांपैकी एक कविता विभागातील सहकाऱ्याने निवडावी. तिचा कर्ता कोण हे शिकविणाऱ्यालाही ठाऊक नसावे. विद्यार्थी लिहीत असताना त्यानेही तेथेच बसून आपला कागद लिहावा, आणि तो इतर कागदांबरोबर, नावाशिवाय, वर्गापुढे चर्चेस यावा. त्यात एखादी तयार प्रतिक्रिया आढळली, एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला असे दिसले, तर अध्यापकाची प्रतिष्ठा उणावेल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण वाचन ही आयुष्यभर चुकत चुकत शिकावयाची गोष्ट आहे, हे विद्यार्थ्याला सांगून पटत नाही. ते त्याने पाहावे लागते. ते पाहण्याची संधी विद्यापीठाच्या वर्गात मिळणार नसेल, तर अन्यत्र कोठे मिळणार?